क्रूझचा शेवटचा दिवस: बॅग आदल्या रात्रीच जाते, मग हातात काय ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीचे आई-बाबा (वय ६३ आणि ६९) मे महिन्यात बार्सिलोनाहून सुटणाऱ्या १४ रात्रींच्या क्रूझवर जाणार आहेत. सोबत टूर मॅनेजर नाही. शेवटचा पूर्ण दिवस समुद्रात जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदराला लागेल. दुपारी सव्वातीनला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून विमान, आखातात बदलून मुंबई, पुढे रेल्वेनं परभणी. बाबांना इन्सुलिन चालू आहे, आईचे गुडघे धरतात. शेवटच्या दिवशी काय काय करायचं ते सांगा.

आधी एक समजूत दुरुस्त करू. जहाजाचं चेक-आउट हॉटेलसारखं नसतं. हॉटेलात सकाळी उठायचं, आवरायचं, बॅग घेऊन खाली यायचं. इथं मोठी बॅग आदल्या रात्रीच हातातून जाते आणि थेट दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या टर्मिनलमध्ये भेटते. दोन-तीन हजार माणसं सकाळी आपापल्या बॅगा घेऊन लिफ्टसमोर उभी राहिली तर जहाज संध्याकाळपर्यंत रिकामं व्हायचं नाही, आणि दुपारपासून तर नवे प्रवासी चढायला लागतात. म्हणून कर्मचारी रात्रभर बॅगा गोळा करून खालच्या डेकवर पिंजऱ्याच्या ट्रॉल्यांत भरतात आणि जहाज धक्क्याला लागलं की आधी त्या उतरवतात. आई-बाबांना हे एवढं नीट समजलं तरी निम्मी धांदल टळते. त्यांचं खरं काम आदल्या दिवशी दुपारच्या जेवणापासून संध्याकाळी सहापर्यंतचं आहे.

शेवटच्या दोन दिवसांत स्टुअर्ड (केबिन सांभाळणारा कर्मचारी) केबिनमध्ये रंगाचे किंवा आकड्यांचे टॅग ठेवून जातो. त्या रंगावर किंवा आकड्यावर उतरण्याची वेळ ठरते. सव्वातीनच्या विमानाला सकाळी साडेसात ते साडेआठचा गट बरा. टॅग साडेनऊचा आला असेल तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर विमानाचं तिकीट दाखवून तो बदलून मिळतो, पण मागायचा आदल्या दिवशी दुपारी. रात्री तिथं रांग असते आणि सोयीचे गट भरलेले असतात. "स्वतः बॅगा घेऊन सगळ्यात आधी उतरा" असाही पर्याय असतो. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मोठ्या बॅगा गँगवेच्या, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलाच्या, उतारावरून ओढायच्या म्हणजे पडायला निमंत्रण, तेव्हा तो सोडा.

टॅग लावताना विमान कंपनीचे जुने बारकोड आणि चिकटपट्ट्या काढून टाका. टर्मिनलमध्ये बॅगा गटाप्रमाणे मांडलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्याअधिक काळ्या असतात. सर्वांत जास्त घोटाळा इथंच होतो. कोणी तरी तुमची बॅग स्वतःची समजून घेऊन जातो, आणि त्याचं विमान दुसऱ्याच देशाचं असतं. जुन्या साडीच्या काठाची वीतभर पट्टी दोन्ही मुठींना घट्ट बांधा. लोंबती ठेवू नका, विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यात अडकते. टॅग दिसेल असा प्रत्येक बॅगेचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. बॅगेच्या आतही नाव, भारतातला नंबर आणि विमानाचा नंबर लिहिलेला कागद वर ठेवा.

बॅग बाहेर ठेवायची वेळ साधारण रात्री आठ ते अकराची असते, नेमकी वेळ टॅगसोबतच्या कागदावर असते. ती चुकली की बॅग सकाळी स्वतःच ओढायची.

आता बॅगेत काय घालायचं नाही ते. लोक उत्साहात सगळंच भरतात, बॅग दाराबाहेर जाते आणि सकाळी लक्षात येतं की अंगावर गाऊन आहे नि पायात जहाजाची कापडी सपाता. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण क्रूझवाल्यांच्या ओळखीची गोष्ट आहे. पॅकिंग सुरू करण्याआधीच उद्याचे कपडे, आतले कपडे, मोजे आणि बूट खुर्चीवर काढून ठेवा. ती खुर्ची म्हणजे उद्याची सकाळ, तिला बॅग भरताना हात लावायचा नाही. हातातल्या बॅगेत पासपोर्ट, विमानाचे कागद, पैसे, दागिने, चष्मे, चार्जर, पॉवर बँक, ब्रश, एक जोडी कपडे आणि तीन दिवस पुरतील एवढी औषधं. पॉवर बँक विमानाच्या चेक-इन बॅगेत चालतच नाही, म्हणून ती आत्ताच वेगळी काढलेली बरी.

इन्सुलिनसाठी वेगळं लिहितो. पेन बहुधा केबिनच्या छोट्या फ्रिजमध्ये असतील आणि फ्रिज बंद दाराआड असल्यानं विसरण्याचं हे एक नंबरचं ठिकाण. उपाय साधा आहे: बाबांचा उजवा बूट रात्री फ्रिजसमोर ठेवा. अनवाणी कोणी उतरत नाही. तिजोरीसाठी डावा बूट. पेन मोठ्या बॅगेत टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकतात, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. गार ठेवणाऱ्या पाऊचमध्ये, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातच. बर्फाची जेल पिशवी पेनला थेट चिकटू देऊ नका, मध्ये रुमाल ठेवा. इटलीचं उन्हाळी घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे डोस कधी आणि किती घ्यायचा हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

पॅकिंगच्या क्रमात एक फसवी गाठ आहे. प्रवासात बंदरांवर किंवा जहाजाच्या दुकानात घेतलेल्या दारूच्या बाटल्या जहाज आपल्याकडे ठेवून घेतं आणि शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये पोचवतं. बाटली यायच्या आत बॅग कुलूप लावून बाहेर गेली तर ती हातात उरते, आणि १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव वाटेतल्या एखाद्या विमानतळाच्या तपासणीत काढून टाकू शकतात. म्हणून एक बॅग बाटल्या येईपर्यंत उघडी ठेवा. बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जाड कपड्यात, बॅगेच्या मधोमध. भारतात एका माणसाला २ लिटरच दारू करमुक्त आणता येते.

तसंच, चढताना सुरक्षा तपासणीत काही काढून घेतलं होतं का आठवा. आपल्याकडची माणसं इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड नेतात आणि आगीच्या भीतीनं जहाज ते जमा करतं. चिठ्ठी जपली असेल तर परत मिळतं. कुठं आणि केव्हा ते जहाजावर विचारून ठेवा, कारण एकदा उतरल्यावर मागे फिरता येत नाही.

वजन जहाज करत नाही, विमान कंपनी करते. चौदा दिवसांत फ्रिजचे चुंबक, ऑलिव्ह तेल, साबण, चॉकलेट असं करत चार-पाच किलो कधी वाढतं कळत नाही. हातात धरायचा हुकाचा काटा सोबत असेल तर दुपारी वजन करा. जहाज डोलत असेल तर आकडा नाचतो, तीन वेळा घेऊन मधला धरा आणि एक किलो कमीच भरा. तिकिटावर एकूण मर्यादा कितीही असो, ३२ किलोच्या वर एक बॅग जवळपास कुठलाच विमानतळ उचलत नाही.

बिल हा दुसरा मोठा विषय. जहाजावर सगळं जहाजानं दिलेल्या कार्डावर किंवा केबिनच्या खात्यावर चढत जातं आणि शेवटच्या रात्री खातं बंद होतं. यादी टीव्हीवर किंवा ॲपवर दिसते. शेवटच्या दिवशी दुपारी बसून ती ओळ न ओळ वाचायची. चुका ठरावीक असतात: दोनदा चढलेलं पेय, न घेतलेला मिनी-बार, एखाद्या बंदरावर जहाज लागलंच नाही म्हणून रद्द झालेल्या सहलीचा न आलेला परतावा, आणि शेजारच्या केबिनचा फोटोंचा खर्च. पेयावर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं असतं, ती चूक नव्हे. रोजची टिपही माणशी चढते; अमेरिकन कंपन्यांत ती साधारण १५ ते २० डॉलर असते. काही जण काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात. माझ्या मते हे करू नये. हा पैसा केबिन आवरणाऱ्या आणि ताट वाढणाऱ्या माणसांच्या मिळकतीचा भाग असतो. विशेष सेवा मिळाली असेल तर स्टुअर्डला वेगळं पाकीट द्या, नाणी न घालता नोटा. आणि एक शब्द बोला, तो पैशाइतकाच पोचतो.

तक्रार असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास काउंटर गाठा. रात्री नऊनंतर आणि सकाळी सहाला तिथं अख्खं जहाज उभं असतं. खातं बंद झाल्यावर ईमेलची पत्रापत्री सुरू होते, ती महिनाभर चालते.

खात्यावर फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून ठेवलेलं कार्ड) जोडलेलं असेल तर सावध. जहाज रोज काही रक्कम राखून ठेवतं आणि शेवटी खरी रक्कम वेगळी कापतं. राखलेली रक्कम मोकळी व्हायला बँकेप्रमाणे बरेच दिवस लागतात. तोवर कार्डावर पैसे दिसतात, पण वापरता येत नाहीत, आणि टॅक्सीच्या वेळी कार्ड नाकारलं जातं. म्हणून खात्यावर क्रेडिट कार्ड ठेवा आणि फॉरेक्स कार्ड बंदरापुढच्या खर्चाला मोकळं राखा. मशीनवर "रुपयांत घ्यायचे का?" असं विचारलं तर नाही म्हणा, जहाजाच्या चलनातच द्या. रुपयांचा भाव तिथं मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. जहाजानं दिलेलं खर्चाचं क्रेडिट उरलं असेल तर ते बहुतेक वेळा परत मिळत नाही, म्हणून त्यातून कामाचं काही घ्या. शेवटच्या दिवसाच्या "सोन्याची साखळी इंचावर" सेलपासून लांब राहिलेलं बरं. दहा डॉलरच्या साखळीत सोनं किती असायचं?

दोघांपैकी कोणी जहाजावरच्या दवाखान्यात गेलं असेल तर उतरण्याआधी तिथून बिल, पैसे भरल्याची पावती आणि डॉक्टरांचा लेखी अहवाल असे तीनही कागद घ्या. प्रवास विम्याचा दावा नुसत्या पावतीवर अडतो, आणि जहाज पुढच्या फेरीला निघाल्यावर कागद मिळवणं जिकिरीचं होतं.

आईसाठी व्हीलचेअर शेवटच्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी सांगा. कोणत्या डेकवर, किती वाजता भेटायचं ते लिहून घ्या. जहाजाची व्हीलचेअर टर्मिनलपर्यंतच. विमान कंपनीची वेगळी, तिकिटावर आधी नोंदवलेली लागते. हे दोन वेगळे अर्ज आहेत, एकाला सांगून दुसऱ्याला कळत नाही.

काही जहाजं पासपोर्ट सुरुवातीलाच ठेवून घेतात. तो परत कधी आणि कुठं मिळतो याची सूचना केबिनमध्ये येते. परत मिळाल्यावर नाव आणि फोटो तिथंच तपासा, हजारो पासपोर्टांत अदलाबदल होऊ शकते.

संध्याकाळी केबिन झाडायची ती ठरवून: गादीच्या कडा, पलंगाखाली, नाहणीतला कप्पा, आंघोळीच्या जागेतली ओढून लावायची दोरी आणि तिच्यावर राहिलेला लंगोट-रुमाल, प्लगमध्ये अडकलेला अ‍ॅडॉप्टर, बाल्कनीतली चप्पल. जहाजाच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकानं लावलेले कागद आणि हुक तिथंच राहतात, भिंतीचा रंग आणि त्यांचा रंग एकच दिसतो. दातांची कवळी आणि श्रवणयंत्राचा चार्जर नाहणीत राहतात, ते मी वेगळं लिहितो कारण ते दुसऱ्या दिवशी लागतात.

इतकं सहापर्यंत झालं की संध्याकाळ मोकळी. ग्रीसकडून येणारी जहाजं बरेचदा मेसिनाच्या सामुद्रधुनीतून जातात आणि पुढं स्ट्रोम्बोलीचा ज्वालामुखी लागतो. अंधारात त्याच्या माथ्यावर तांबूस ठिणगी दिसली तर दिसली. दोघांना डेकवर पाठवा. त्या वेळी पॅकिंग करत बसणारे पस्तावतात.

रात्री मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रावर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटला तर रोमिंगचं बिल अंगावर येतं. बोर्डिंग पास, टॅक्सीचं बुकिंग, हॉटेलचा पत्ता वायफाय असतानाच मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि कागदावरही काढा. गजर जहाजाच्या वेळेला लावा. ग्रीस आणि इटलीत एक तासाचा फरक आहे, जहाज घड्याळ कधी बदलतं ते रोजच्या पत्रकात छापलेलं असतं.

सकाळी केबिन आठच्या आत रिकामी करायची असते. नाश्ता करा, पण बफेतली फळं-पाव पिशवीत घालून खाली उतरू नका. हात साबणानं धुवा. जहाजावर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर भरवशाचा नाही, आणि विमानात उलट्या सुरू झाल्या तर हाल कोण पुसतं? गँगवेवर जहाजाचं कार्ड स्कॅन होतं, त्यानंतर परतीचा दरवाजा बंद. कार्ड बॅगा हातात येईपर्यंत फेकू नका.

चिवितावेक्कियाहून फ्युमिचिनो साधारण ६५ ते ७० किलोमीटर, गाडीनं तास-सव्वा तास. दोन मोठ्या बॅगा, व्हीलचेअर, इन्सुलिन असा सगळा लवाजमा पाहता आधी ठरवलेली गाडी घ्या. रेल्वे स्वस्त आहे: धक्क्यावरून मोफत बसनं लार्गो देला पाचे हा बंदराचा बसथांबा, तिथून दुसऱ्या बसनं स्टेशन, मग रोमच्या त्रास्तेवेरे स्टेशनला गाडी बदलून विमानतळ. चढ-उतार मोजा, मग ठरवा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, तेही पाहून ठेवा. सव्वातीनच्या विमानाला अकरा-साडेअकराला पोचणं योग्य. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेश आणि निर्गमनाची नवी नोंद पद्धत सुरू झाली आहे. त्यात चेहरा आणि बोटांचे ठसे पाहतात, म्हणून पासपोर्टच्या रांगेला जास्त वेळ धरा.

इटलीच्या एकाच दुकानात एकाच बिलावर ७० युरोवर खरेदी केली असेल आणि टॅक्स-फ्री फॉर्म घेतला असेल, तर बॅगा काउंटरवर देण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर जा. वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅग पट्ट्यावर गेली की परतावाही गेला. स्पेन-ग्रीसच्या फॉर्मवरची मोहोरही इथंच लागते, कारण युरोपीय संघाबाहेर पाऊल इथून पडतं. नाणी शेवटच्या कॉफीत संपवा, परतून कोणी बदलून देत नाही.

मुंबईत दोन गोष्टी अडवतात. सोनं: करमुक्त दागिन्यांची सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना असते, क्रूझवाल्यांना नाही. आईच्या अंगावरच्या जुन्या बांगड्यांचं बिल किंवा निघण्याआधीचा तारखेचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आणि बी-बियाणं, रोपं. शेतकऱ्याच्या मनात ऑलिव्हचं रोप किंवा द्राक्षाची काडी येतेच, पण परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे आणि रोगही येतो. डाळिंबाच्या तेल्या रोगानं मराठवाड्याला जे दाखवलं ते पुरे.

मुंबईत उतरल्यावर जमीन डोलल्यासारखी वाटेल. चौदा दिवस मेंदूनं लाटेशी जुळवून घेतलेलं असतं, ते सुटायला एक-दोन दिवस लागतात. आंघोळीच्या वेळी डोळे मिटल्यावर तोल जातो, तेव्हा पहिले दोन दिवस भिंतीला हात लावून उभं राहा आणि स्कूटर नको. आठवड्यापेक्षा जास्त राहिलं तर डॉक्टर. पाणी जास्त प्या. जहाजावरची एसीची थंडी आणि मेमधलं परभणीचं ऊन यांचा फरक अंगाला बसतो.

समृद्धी महामार्गानं स्वतः गाडी चालवत येण्याचा विचार असेल तर तो काढून टाका, जागरणानंतर सरळ रस्त्यावर डुलकी लागते. चालक असेल तर गोष्ट वेगळी. रेल्वेनं यायचं तर पहाटे उतरल्यावर दुपारच्या वंदे भारतची ओढ वाटते, पण तिच्यात बाकाखाली मोठ्या बॅगेची सोय नाही आणि बॅग डोक्यावरच्या फळीवर चढवावी लागते. त्यापेक्षा दिवसभर मुंबईत विश्रांती आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, एसी थ्री किंवा टू, दोघांना खालचे बर्थ. दादर-ठाण्याला गाडी काही मिनिटंच थांबते, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरच चढा. तिथं गाडी उभी असते, बॅगा सावकाश लागतात. परभणीलाही थांबा मोजकाच असतो, तेव्हा सेलू सुटलं की बॅगा दाराकडे सरकवायला घ्या.